सायडिंगचा ड्रमर

व्हॅनमध्ये ड्रमचे पाच नग होते, दोन झांजा, एक पेडल आणि काड्यांच्या तीन जोड्या; त्यांतली एक काडी टोकाशी फाटलेली. सगळं लालसूचं. रोशनने ते एटापल्लीच्या पलीकडे, लालसूच्या अंगणात एकेक करून उतरवलं, वाळत घातलेल्या मोहफुलांपासून हातभर दूर.

दोन वर्षांत त्यांच्या 'सायडिंग' बँडने या व्हॅनमधून एकतीस कार्यक्रम केले होते. बल्लारपूरच्या बंद गोदामापासून थेट पुण्यापर्यंत, कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय. पंक वाजवणारी तीनच माणसं: रोशन गिटारवर, करिश्मा गायला, लालसू ड्रमवर. लालसू गाणं पळवतो, लय वाढवत नेतो म्हणून रोशनने फेब्रुवारीत त्याला घरी पाठवलं आणि ठोक्यांचं मशीन आणलं. मशीनसोबतच्या चौथ्या कार्यक्रमानंतर करिश्माही निघून गेली. बँड तिथेच संपला.

लालसूने चहा आणला. मशीनले चहा प्यायले नाई आणलं का, असं त्याने विचारलं. रोशन हसला नाही. लालसू असेल तर मी येईन, असं करिश्मा म्हणते, हे त्याने सांगितलं. परत ये म्हणाला. फक्त गाणं पळवायचं नाही, एवढंच.

लालसूने कप खाली ठेवला.

"आमच्या इथी रेला नाचतात तवा ढोलवाला नाचणाऱ्यायचे पाय पाहून वाजवते. मी तुहा पाय पाहून वाजवत होतो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं. नागपुरात. तू म्हणला, तुले मोजता येत नाई."

रोशनला नागपूर आठवलं. फुलं उलटवायची राहिली आहेत, असं लालसू म्हणाला आणि उठला.

आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या सावलीत रोशनने व्हॅन थांबवली. मशीनसोबतच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. एका कानात मशीन, दुसऱ्या कानात त्याची स्वतःची गिटार. त्याने घड्याळ लावलं. गाण्याच्या पहिल्या पंधरा सेकंदांतले ठोके मोजले, मग शेवटच्या पंधरा सेकंदांतले. आधी मशीनचे; मग पुन्हा सुरुवातीपासून लावून तसेच गिटारचे.

मशीन: चव्वेचाळीस, चव्वेचाळीस.

गिटार: चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस.