सरांसाठी भरलेलं पाणी

पर्यावरण अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी आम्हाला एकेक निर्जंतुक बाटली दिली आणि आपापल्या गावचं पिण्याचं पाणी तपासायला आणा म्हणाले. हट्ट्याजवळच्या आमच्या तांड्यावर मी सोमवारी पहाटे स्वतः विहिरीचं पाणी भरलं, बाटली पिशवीत ठेवली आणि आंघोळ, आवराआवर यांत दोन तास गुंतले. दुपारी नांदेडला कॉलेजात ती जमा केली. बुधवारी सर अहवाल नाचवत म्हणाले, "उघड्या विहिरीचं पाणी आणि एकही जंतू नाही? विकतची बाटली ओतलीस ना? खरं सांग, नाहीतर प्रॅक्टिकलला शून्य देईन." वर्ग हसला, मी चिडले. बाहेर येऊन आईला फोन लावला. "याडी, माझ्या बाटलीला कुणी हात लावला?" "मीच लावला की. गढूळ पाणी घेऊन चालली व्हतीस, ते सांडून दिलं. बाटली राखेनं घासली. पाणी दुहेरी पदरानं गाळलं, तुरटी फिरवली, खळखळा उकळलं, निवल्यावर मंग भरलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला असलं पाणी पाठवत असतेत व्हय?" मला हसू आवरेना. "आन् घरी तुमी कसलं पिता?" "आमाला काय हुतंय? हाय तसंच पितो." हसू तिथंच थांबलं. वडिलांचं पोट दर महिन्याला बिघडतं, आणि मी दरवेळी त्यांना गोळ्याच पाठवत आले होते. मी जिन्यावर बसले. "याडी, उद्यापासून रोज माझे सर आपल्याकडं पाणी प्यायला येणार हायेत, असं समज."