वित्स्केचे रविवार

हार्मेननं लांब दांड्याचं दाताळं चराच्या तळाशी सोडलं आणि सावकाश ओढून घेतलं. वर आला नुसता काळा गाळ आणि एक शिंपला. थोडं पुढं सरकून त्यानं पुन्हा ओढलं. पुन्हा गाळच. पाणवेलीचं पान म्हणून नाही.

शेजारी वित्स्के उभी होती. सत्तरी ओलांडलेली, अंगात ठेवणीतला कोट, नखांत मात्र चिखल. परीक्षेचा पेपर तिनंच काढला असावा अशी मान ताठ.

नोव्हेंबरात आमच्या फ्रीसलंडच्या सखल मुलुखात चरांची पाहणी होते; आमच्या गावात ती हार्मेनकडे असते. चराच्या दोन काठांना दोन मालक; मध्यापर्यंत ज्याचं त्यानं साफ ठेवायचं, म्हणजे पाणी न अडता कालव्याला लागतं. नापास झालेल्या चरात यंत्र उतरवतात. ते यंत्र घेऊन वित्स्केच्या बहिणीचा मुलगा डाउवे रस्त्याकडेला बसला होता, इंजिन चालू ठेवून. यंत्राच्या दातांत आदल्या चरांतल्या वेलीच्या हिरव्या चिंध्या लोंबत होत्या. वित्स्केची नजर त्या चिंध्यांवर होती. या परदेशी वेलीला एक पेर पुरतं. ते चरात पडलं, की वर्षाची मेहनत मातीमोल.

वेल काय चीज आहे ते सांगतो. पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहतात तेव्हा ती चराच्या अलीकडे असते, आणि ‘आमेन’ला पलीकडे. हार्मेनची कालवड एकदा कुरण समजून तिच्यावरून चालत निघाली, ती मध्यावर पोचेपर्यंत आपण पाण्यावर आहोत हे तिला कळलंच नाही. खोटं वाटत असेल तर कालवडीला विचारा.

त्यात आमचं गाव रविवार पाळणारं. रविवारी इथं कुणी दोरीवर कपडेसुद्धा घालत नाही. आठवडाभर उपसायचं आणि रविवारी वेलीनं सगळं परत घ्यायचं, असंच घरोघर चाललं होतं. हा एकच चर उन्हाळाभर आरशासारखा राहिला. हार्मेन चर्चचा पंच; चराचा अलीकडचा काठ वित्स्केचा, पलीकडचा त्याचा. जो रविवार राखतो त्याचा चर देव राखतो, असं तो भेटेल त्याला सांगायचा. त्याचा लाभ शेजारणीलाही होतो, हेही सांगायचा.

त्यानं दाताळं गवतावर ठेवलं. चर साफ आहे, त्यात वाद नाही, असं तो म्हणाला. पण चर्चची घंटा वाजवणाऱ्यानं मनोऱ्यावरून रविवारी या चरात एक होडी पाहिली होती. होडीत एक बाई होती, गुडघे धरलेत म्हणून चर्चला न येणारी.

“रविवारची सफाई मी सफाई धरत नाही,” हार्मेन म्हणाला आणि त्यानं डाउवेला हात केला.

यंत्र घरघरत पुढं सरकलं. डाउवेनं खिडकीतून डोकं काढून मावशीला विनवलं, होडी दुसऱ्या कुणाची होती एवढं म्हण, मी आत्ता कॉफी प्यायला जातो. हार्मेनबरोबर आलेले दोन पाहणीवाले आपापले बूट न्याहाळत राहिले.

वित्स्के यंत्राच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“होडी माझी. बाई पण मीच. पण रविवारी माझ्या अर्ध्यात मी बोट बुडवलेलं नाही, हार्मेन. माझं ते सोमवार ते शनिवार. रविवारी मी तुझ्या अर्ध्यात असायचे. तुझ्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांखाली या वेलीचं माहेर आहे. तिथनं उपटायचे.”

हार्मेननं पलीकडच्या वाळुंजाकडे पाहिलं. वित्स्के थांबली नाही.

“रविवारी आपलं काम करायचं नाही, हे मलाही शिकवलंय. शेजाऱ्याची गाय चरात पडली तर बघत बसावं, असं नाही कुणी शिकवलं.”

पाहणीवाल्यांपैकी एक मफलरमध्ये खोकला. तो खोकला नव्हता, हे कालवडीलाही कळलं असतं.

हार्मेन फळीवरून पलीकडे गेला. वाळुंजाखाली आपल्या काळ्या सुटासकट तो पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून मुळं चाचपत राहिला. बराच वेळ. डोळे मिटलेले, ओठ हलत होते; मोजत होता की प्रार्थना करत होता, देव जाणे. उठला तेव्हा एक बाही निथळत होती आणि मुठीत काही नव्हतं.

परत आल्यावर त्यानं डाउवेला इंजिन बंद करायला सांगितलं, आणि यंत्र या चरापासून लांब नेऊन, दात काठीनं कोरून मगच पुढं जायला सांगितलं.

मग वित्स्केकडे न बघता म्हणाला, “चर पास. माझाही. आता येत्या रविवारी चर्चला ये. गुडघे बरे दिसतायत.”

“पाणी गोठलं की येईन,” वित्स्के म्हणाली, आणि कोटाच्या बाह्या वर सारून होडीकडे निघाली.

त्या वर्षी बर्फ धरलं ते थेट फेब्रुवारीत. तोवर दर रविवारी चर्च गच्च भरायचं, माणसं भिंतीला टेकून उभी राहायची, पण तिच्या बाकावरच्या जागेवर कुणी साधी टोपीसुद्धा ठेवली नाही.