कावळा का शिवेना

"आई, आता आणखी काय कबूल करू?" हेरंब पिंडासमोर वैतागून ओरडला. आईच्या दहाव्याला तासभर उन्हात घाटावर उभं राहून त्याची सगळी वचनं देऊन झाली होती. वृंदाला पाटल्या देईन, मामांशी बोलणं सुरू करीन, तुळशीला रोज पाणी घालीन. कावळा मात्र कठड्यावरून हलत नव्हता.

"वचनं कसली देत बसलायस, दादा? तो पडदा वाच ना," धाकटी बहीण वृंदा म्हणाली.

घाटावरच्या कावळ्यांच्या पायात आता कडी असायची, आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते खांबावरच्या पडद्यावर उमटायचं. हेरंबने वाचलं: 'भूक, उपजत, तीव्र. भीती, शिकलेली, त्याहून तीव्र. कारण: धोतरातला माणूस.'

"मी? मी काय केलं याला?"

"आपल्या परसातलाच आहे तो. आई पोळी टाकायची आणि तू चप्पल फेकायचास."

"काव काव करून डोकं उठवायचा म्हणून!"

"भांडणं घरी जाऊन करा," गुरुजी कावून म्हणाले. "यजमान, तुम्ही जरा त्या भिंतीआड जा बघू."

हेरंब पाय आपटत भिंतीआड गेला. कावळ्याने लगेच खाली येऊन भाताला चोच लावली.

"शिवला एकदाचा!" गुरुजींनी सुस्कारा सोडला.

"मूर्ख पक्षी!" भिंतीआडून हेरंब करवादला. "समोर भात असून मी जाईपर्यंत उपाशी बसला!"

वृंदा कावळ्याकडे बघत राहिली.

"आईसुद्धा तू घराबाहेर पडल्यावरच जेवायची, दादा."