उरलेला स्क्रू

"अगं, टॉर्च माझ्या डोळ्यांत नको, पंख्यावर धर!"

घड्याळजींचं डोकं गाडीच्या डॅशबोर्डखाली, पाठ पायपुसणीवर आणि पाय उघड्या दारातून थेट अंगणात, अशी एकूण अवस्था होती; टॉर्च धरायला बायको. उभा जन्म टेबलावर मान घालून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. उताणं पडून काम करायची सवय कुठून असणार? पण इलाज नव्हता. गाडीतला हवेचा पंखा बंद पडला होता, आणि संध्याकाळी मुलगा गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

"पंख्याशिवाय समोरच्या काचेवर वाफ धरते, पुढचं काही दिसत नाही," मुलगा सकाळी म्हणाला होता. "आणि या वयात आता गाडी हवीच कशाला? कुठे जायचं तर टॅक्सी आहे."

"मी पंखा बदलला तर?"

"तुम्ही?" मुलाला हसू आवरेना. "मी यायच्या आत बदलून दाखवा. नाही विकत गाडी. शब्द!"

घड्याळजी तडक जाऊन पंख्याची नवी मोटर घेऊन आले. गाडी विकायची भाषा सुरू झाल्यापासून घरातलं हसणंच आटलं होतं. रोज संध्याकाळी नवरा-बायको गाडीतून एक फेरी मारून यायचे. ती फेरी बंद झाली तर घर खायला उठेल, याची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

वायरचा खटका निघाला. तिन्ही स्क्रू निघाले. ते ठेवायला बायकोने स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणून उलटं मांडलं होतं. मग जुनी मोटर खाली आली ती सुक्या पाचोळ्यासकट, थेट घड्याळजींच्या तोंडावर.

"थू थू! अख्खं झाड आहे की इथे!"

"तोंड मिटून काम करावं माणसाने," बायको म्हणाली आणि कित्येक दिवसांनी खुदकन हसली. घड्याळजींना हुरूप आला.

नवी मोटर चढली. बायकोने किल्ली फिरवली. पंखा भरभर फिरू लागला.

"झालं की हो!"

"कुठलं झालं?" घड्याळजी झाकणाकडे बघत होते. झाकणात एक स्क्रू उरला होता.

"राहू द्या. फिरतोय ना पंखा?"

"मी जोडलेल्या घड्याळात आजवर स्क्रू उरलेला नाही. भर रस्त्यात मोटर खाली आली म्हणजे?"

"अहो, तो येईल इतक्यात!"

"येऊ दे."

आणि खरंच, चांगला चालता पंखा या गृहस्थांनी पुन्हा उघडला. बायकोने कपाळाला हात लावला. तिन्ही स्क्रू जागच्या जागीच निघाले. उरलेला तो उरलेलाच. घड्याळजी घामाघूम झाले. शेवटी बायकोने वैतागून झाकण उचललं, तर झाकण तिच्या हातात आणि त्याची मूठ फरशीवर!

"अरे देवा! हा तर झाकणाचा!"

बायको हसून हसून बॉनेटवर ओणवी झाली. तेवढ्यात फाटक वाजलं. घड्याळजींनी पुन्हा डॅशबोर्डखाली सूर मारला.

"काय बाबा, उघडाच ना अजून?" मुलाने गिऱ्हाइकाला स्टिअरिंगसमोर बसवलं.

खालून शेवटचा स्क्रू आवळत आवाज आला, "लाव!"

मुलाने हात घालून किल्ली फिरवली, पंखा लावला. चारही वेगांवर झकास हवा आली. सोबत आत अडकलेला उरलासुरला पाचोळाही आला आणि गिऱ्हाइकाच्या मिशीत जाऊन बसला.

"हरलो," मुलगा कान पकडत म्हणाला. "गाडी राहिली."

गिऱ्हाईक मिशी झटकत उतरलं. "काका, भारी जीव आहे हो तुमचा गाडीवर."

"गाडीवर?" घड्याळजी नुसते हसले.

त्यांनी हात पुसले, सदरा झटकला आणि मुलाच्या हातातली किल्ली काढून घेतली. फेरीची वेळ झालीच होती. किल्ली त्यांनी बायकोच्या हातावर ठेवली, स्वतः पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर ऐटीत बसले आणि म्हणाले, "ने आता तुला हवं तिकडे. मला कुठे येते चालवता!"