गोठा म्हनल्यावर

मेंढरं इकून आलेला सगळा पैसा मी गुरुबसप्पानं सोता बांधलेल्या नव्या चाळीत घातला हुता. घरपट्टी कमी बसावी म्हनून डोकं मीच लढवलं. म्युनिसिपालटीचा सायब बघायला यायच्या आधी खोल्याखोल्यांत माझी शेरडं बांधली.

सायबानं नाकाला रुमाल लावला. "हा तर निव्वळ गोठा!"

"व्हय की, सायब," मी म्हनलं.

तेवढ्यात गुरुबसप्पा उसळला. "गोठा? तुळई बघा, सागवानी हाय! घाला पहार भिंतीत, कपचा निघाला तर बापाचं नाव लावनार न्हाय!"

झालं! घरपट्टी बसली पेठेत सगळ्यांत जास्त.

गुरुबसप्पानं मान खाली घातली. "मायाप्पा, ऱ्हावलं न्हाय रं. तुजा पैसा काडून घेतूस काय?"

मी शेरडं सोडत म्हनलं, "फुडच्या चाळीचा नकाशा मंजूर करून आन. हीबी इकतो."