चौकशीचा नंबर

“आवाज पहिल्यापासूनच असा आहे का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“पहिल्यापासूनच,” नवरा म्हणाला. प्रश्न बायकोला होता, पण दवाखान्यात शिरल्यापासून सगळी उत्तरं तोच देत होता. भूक कशी, झोप कशी, केस किती गळतात. केसांचं तर ‘बाथरूमची जाळी तुंबते’ इतकं सांगून त्याने मिटवून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. कामावरून अर्धी रजा टाकून, स्कूटरवर बसवून तिला इथवर घेऊन आला होता. फक्त तिला काही झालंय, यावर त्याचा विश्वास नव्हता.

ती शेजारच्या खुर्चीत, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसली होती. नोकरी बस डेपोच्या चौकशी खिडकीत. दिवसभर जगाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. हल्ली मात्र पाठ असलेल्या गाड्यांच्या वेळा ऐनवेळी ओठांवर येत नसत आणि खिडकीपलीकडचा माणूस तिच्याकडे कीव आल्यासारखा बघत राही.

आधीच्या डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं. त्याच्या आधीच्यांनी ताकदीचं औषध देऊन वयावर बोट ठेवलं होतं. चाळिशीला तर अजून अवकाश होता. घरातलं निदान या दोघांच्याही आधी झालं होतं: आळस. सासूबाई ते तोंडावर बोलत. नवरा बोलत नसे, पण तिच्या वाटणीची भांडी घासायला उभा राहिला, की भांडी जरा जास्तच वाजत.

डॉक्टरबाईंनी जुना रिपोर्ट उजेडात धरला. “थायरॉईडचा हा आकडा काठावरचा आहे. याचं पुढे काय केलंत?”

“नॉर्मलच समजा म्हणाले,” नवरा म्हणाला.

डॉक्टरबाई उठून तिच्या पाठीमागे आल्या. गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवून त्यांनी तिला पाण्याचा घोट गिळायला लावला. मग एकदा पुन्हा. “आवाजाचं आता मला तुमच्याकडूनच ऐकायचंय,” त्या तिला म्हणाल्या.

“बसलाय,” ती म्हणाली. तो शब्दही घशात अडकून, जाडाभरडा होऊन बाहेर आला. “आधी असा नव्हता.”

“अगं, सर्दीने बसतो तेवढाच. मला तरी कधी वेगळा वाटला नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. थोडा थोडा बसत गेलेला आवाज रोज ऐकणाऱ्याला कसा कळावा? डेपोत मात्र कळला होता. तिथे पूर्वी तिला ‘घंटी’ म्हणत. आता तिची पाठ वळली की ‘भोंगा’ म्हणत. हे तिने घरी सांगितलं नव्हतं. सांगून काय, सासूबाईंना आणखी एक नाव मिळालं असतं.

तिने पर्समधून मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

“नमस्कार. आपला फोन रांगेत आहे. कृपया थांबा. आपलं म्हणणं ऐकायला आम्ही इथेच आहोत.”

लख्ख, मोकळा आवाज. शेवटच्या शब्दावर किंचित हसणारा.

“हे काय आहे?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“आमच्या डेपोचा चौकशीचा नंबर.”

“आणि बोलतंय कोण?”

“मी,” भोंगा म्हणाला.

फोनमधली बाई थांबायला तयार नव्हती. तिने पुन्हा नमस्कार केला, पुन्हा थांबायची विनंती केली. नवरा फोनकडे बघत होता. त्याने हा नंबर कधी लावलाच नव्हता. अख्खी चौकशी घरात नांदत असताना कशाला लावेल?

“बोला, कुठली गाडी?” फोनमधून अचानक पुरुषी आवाज आला. तिने घाईघाईने फोन बंद केला.

डॉक्टरबाईंना हसू आलं. मग खुर्ची पुढे ओढून त्या लिहू लागल्या. “रक्त पुन्हा तपासू. या वेळी अँटीबॉडीजही बघू. कधीकधी शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतात आणि त्यालाच बडवत सुटतात. तुमच्या थायरॉईडचं तसं झालेलं दिसतंय. तसंच निघालं तर गोळी लागेल, बहुतेक कायमची. पण मात्रा नीट बसेपर्यंत मी तुम्हाला सोडणार नाही.”

“म्हणजे आळस नाही?” तिने विचारलं. इतका साधा प्रश्न, पण विचारताना तिचे डोळे भरून आले.

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी नवऱ्याकडे बघून दिलं.

तपासणीची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. नवऱ्याने तिची पर्स स्वतःकडे घेतली आणि तो बाहेर बाकावर बसला. आत तिने स्वेटरची बाही वर केली, मूठ आवळली, सुई टोचताना भिंतीकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. अजून एक गोळीही घेतलेली नव्हती, तरी.

दंडावर कापूस दाबून ती बाहेर आली, तर नवरा मोबाईल कानाशी घट्ट धरून, मान खाली घालून बसलेला. बोलत काहीच नव्हता. नुसता ऐकत होता. ती समोर येऊन उभी राहिली, तरी त्याला बराच वेळ कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने गडबडीने फोन खिशात टाकला.

“अहो, कोणाचा फोन?”

“कोणाचा नाही. चौकशी करत होतो.” त्याने घसा साफ केला. “परतीची गाडी किती वाजता आहे, याची.”

त्याच्या दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली होती.