बोंडाचं टोक

देवसिंगच्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता, तरी तो लचकच म्हणत होता. दिग्रसला नर्स असलेली त्याची मुलगी संगीता युरिक अॅसिड मोजायचं मशीन घेऊन तांड्यावर आली. बोटातून थेंबभर रक्त हवं होतं. सुई दिसताच देवसिंगनं दोन्ही हात काखेत दाबले.

"राहू दे वं," त्याची बायको रामीबाई लेकीला म्हणाली. त्या साली बोंडअळीनं कपाशीची बोंडं धड उमललीच नव्हती. तसल्या बोंडांचं टोपलं तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "बाजेवर बसल्या बसल्या कापूस तं काढा."

त्यानं जन्मभर फवारणी केली होती, पण कापूस काढणं बायांचं काम; बोंडाला त्याचा हात कधी लागला नव्हता. पाचव्याच बोंडाला देवसिंग ओरडला, "अगं माय!" वाळलेलं टोक बोटात घुसलं होतं.

संगीता दाराआड मशीनला पट्टी लावून उभीच होती. बोट पुसून तिनं पुढचा थेंब घेतला. "नऊ पॉइंट दोन! बा, लचक नाही हे, युरिक अॅसिड वाढून झालेला गाऊट हाये. उद्या डॉक्टरकडं, आन आजपासून मटण बंद."

देवसिंग बायकोकडं वळला. "मले टोचते म्हून तुले कसं मालूम?"

रामीबाईनं हसत आपली दाही बोटं त्याच्यापुढं धरली. एकही बोट बिनखुणेचं नव्हतं.

"आठ दिवसानं पुन्हा मोजाचं हाये," रामीबाई म्हणाली. "सुई का बोंडं?"

"सुई," देवसिंग म्हणाला.

टोपलं मात्र त्यानं परत दिलं नाही.